परदेशी औषधाचं पार्सल, सहीची चिठ्ठी आणि फोनवरचा तोतया 'एजंट'

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या आत्याला एका माणसाने फोनवरून पंधराशे डॉलरना फसवलं. तिच्याच सांगण्यावरून हे लिहितेय, फक्त नाव गाळून. इकडच्या मराठी घरांमधली कितीतरी वडीलधारी माणसं परदेशी औषधं विकणाऱ्या वेबसाइटवरून गोळ्या मागवतात आणि काही बिनसलं की घाबरून मुलांनाही सांगत नाहीत. त्या न सांगण्यावरच या लोकांचा धंदा चालतो.

आत्याला मणक्याचं जुनं दुखणं आहे. आधीचे डॉक्टर तिला ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी लिहून द्यायचे. ते निवृत्त झाले आणि नव्या डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद करून फिजिओथेरपी सुचवली. अमेरिकेत ऑगस्ट 2014 पासून ट्रॅमाडॉल नियंत्रित औषधांच्या चौथ्या यादीत आहे. भारतातही 2018 मध्ये ते एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्या कुणाला 'दोन स्ट्रिप घेऊन ये' म्हणायची सोयही उरलेली नाही. दुखणारं माणूस अशा वेळी रात्री जागून फोनवर शोधत बसतं. आत्याही तेच करत होती.

तिला सापडलेल्या वेबसाइटवर मेपलचं लाल पान होतं. 'कॅनडाची फार्मसी, प्रिस्क्रिप्शनची गरज नाही.' चौकशीचा फोन उचलणारा मात्र गोड हिंदीत 'आंटीजी, आप बिलकुल टेन्शन मत लीजिए' म्हणणारा. पैसे घेतले झेलवरून, म्हणजे थेट एका बँक खात्यातून दुसऱ्यात पाठवायच्या सोयीने, तेही कंपनीच्या नव्हे तर कुणा बाईच्या खात्यात. कॅनडाच्या नावाचा हा खेळ जुनाच आहे. 2005 मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने, विमानतळांवरची टपाल पार्सलं तपासली होती. कॅनडाची म्हणून विकलेल्या औषधांपैकी 85 टक्के प्रत्यक्षात इतर 27 देशांतून आलेली दिसली.

काही आठवड्यांनी दारावर पोस्टाची 3849 नंबरची पीच रंगाची चिठ्ठी लागली. परदेशातून पार्सल आलंय, सही लागेल, घरी कुणी नव्हतं म्हणून पोस्टात ठेवलंय. इथे आत्या पहिल्यांदा धास्तावली. आजवर पार्सल म्हणजे पोस्टमन दारात टाकून जातो. मग याला सही कशाला? सही केली तर अडकू का? नाही केली तर पार्सल परत जाईल, पैसे बुडतील आणि वर कुणी विचारायला आलं तर? ती दोन दिवस त्या चिठ्ठीकडे बघत बसली.

तेवढ्यात फोन आला. पलीकडचा माणूस इंग्रजीत, अगदी ठाम आवाजात बोलत होता. डीईएचा, म्हणजे अमेरिकेच्या अंमली पदार्थविरोधी खात्याचा, स्पेशल एजंट म्हणून त्याने नाव सांगितलं, बॅज नंबर सांगितला, बॅजचा फोटोही पाठवला. आत्याचं पूर्ण नाव, पत्ता, गोळीचं नाव, किती गोळ्या मागवल्या, सगळं त्याला तोंडपाठ. मग म्हणाला, "तुमचं पार्सल पोस्टात आहे. सही केलीत तर तिथेच अटक होईल. परत पाठवलंत तर गुन्हा लपवला असं धरू. मार्ग एकच, आज दंड भरा, फाइल बंद होते." मागणी पाच हजारांची होती, रडारड केल्यावर 'वय बघून' पंधराशेवर आली. आणि कुणाशी बोलायचं नाही, मुलांशीसुद्धा नाही, नाहीतर त्यांच्यावरही केस.

आत्या दुकानात गेली. फोन चालूच ठेवायला लावला होता. तिने गिफ्ट कार्डं घेतली आणि गाडीत बसून नाण्याने पाठीमागची पट्टी खरवडत एकेक आकडा त्याला वाचून दाखवला. शेवटचं कार्ड वाचून होताच त्याने आणखी दोन हजार 'बाँड' मागितला. तेवढे पैसे नव्हते म्हणून तिने मला फोन केला. "अगं, मला पकडून नेतील गं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

त्याला तिची सगळी माहिती कुठून मिळाली, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्या माहितीमुळेच तिचा विश्वास बसला. ती माहिती फक्त विकणाऱ्याकडे होती. गोळ्या विकणारा आणि धमकावणारा एकाच टोळीतले असतात, किंवा गिऱ्हाइकांची यादी एक दुसऱ्याला विकतो. इंटरनेटवरून औषधं घेतलेल्यांना हेरून, सरकारी एजंट बनून 'दंड' मागणारे फोन येतात, असा इशारा एफडीएने दहा वर्षांहून आधीच दिला आहे. डीईएनेही सांगून ठेवलंय की हे लोक खऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची नावं आणि बॅज नंबर वापरतात, फोनवर दिसणारा नंबरही बनावट असतो. खरा एजंट फोनवर पैसे मागत नाही. अमेरिकेतलं कुठलंही सरकारी खातं गिफ्ट कार्डाने दंड घेत नाही. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली, तिथेही अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या नावाने हाच प्रकार चालला होता. खातं बदललं, धमकी तीच राहिली.

आता सहीचं. आम्ही वकिलांना गाठलं आणि ते म्हणाले ते मला पटलं, म्हणून सविस्तर सांगते. परदेशातून स्वतःसाठी औषध मागवणं अमेरिकेत बहुतेक वेळा बेकायदाच आहे. गंभीर आजारावर इथे उपाय नसेल आणि साधारण तीन महिन्यांपुरतंच औषध असेल, अशा काही बाबतींत एफडीए कानाडोळा करते, पण ती सवलत आहे, हक्क नव्हे. नियंत्रित औषधांना तर ती सवलतही नाही. थोड्या गोळ्या पकडल्या तर सहसा त्या जप्त होऊन घरी पत्र येतं. पण अधिकारी पार्सल ताब्यात देऊन मग झडती घेतात, असंही घडतं. नुसती सही म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही आणि पार्सल नाकारलं म्हणून ऑर्डर पुसली जात नाही. तरी आत काय आहे हे माहीत असताना ते ताब्यात घेणं आणि न घेणं यात फरक पडतो. सही करून घेतलेलं पार्सल नंतर 'नको' म्हणून परतही देता येत नाही. नाकारायचं तर सहीच्या आधी.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असणाऱ्यांनी तर फार जपायला हवं. नियंत्रित औषधाचा गुन्हा इमिग्रेशनमध्ये फार महाग पडतो, काही वेळा नुसती कबुलीही पुरते. तेव्हा फोनवरच्या कुणालाही 'हो, मीच मागवलं' असं सांगू नका. आधी वकील.

वकिलांशी बोलून आम्ही पोस्टात गेलो. काउंटरवर पार्सल पाहिलं. तपकिरी पाकीट, पाठवणाऱ्याचा पत्ता सिंगापूरचा, कस्टमच्या छोट्या हिरव्या चिठ्ठीवर 'हेल्थ सप्लिमेंट, भेट', किंमत दहा डॉलर. ना कॅनडा, ना औषध, ना खरी किंमत. जो माणूस लेबलवर इतकं खोटं लिहितो, त्याच्या पाकिटातली गोळी तरी खरी कशावरून? ऑक्टोबर 2024 मध्ये डीईएने इशारा दिला होता की अशा बेकायदा ऑनलाइन फार्मसींच्या बनावट गोळ्यांत फेंटानिल सापडलंय, म्हणजे अगदी थोडं गेलं तरी जीव घेऊ शकणारं अंमली औषध. सत्तरीतल्या बाईच्या पोटात ते गेलं असतं. आत्याने सही केली नाही. कारकुनाने 'रिफ्यूज्ड' अशी नोंद करून पार्सल आत नेलं.

विकणाऱ्याने माल दोन पाकिटांत पाठवला होता. दुसरं कस्टममध्ये अडकलं आणि महिन्याभरात एफडीएची नोटीस टपालाने आली. साधा कागद, औषधाचं नाव, ते अडवल्याचं कारण आणि अमुक तारखेपर्यंत काही सांगायचं असेल तर लेखी सांगा. दंडाचा आकडा नाही, फोन करून पैसे भरा असं कुठेही नाही. अशी नोटीस आली तर फेकू नका, वकिलाला दाखवा.

तक्रार आम्ही एफटीसी या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी खात्याकडे, एफबीआयच्या आयसी3 या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रार-साइटवर आणि डीईएच्या साइटवर केली. गिफ्ट कार्डाच्या कंपनीला पावत्यांसकट लगेच कळवलं. एका कार्डावरची शिल्लक त्यांनी गोठवली, बाकीची रक्कम गेली. झेलचे पैसेही बँकेने परत दिले नाहीत, कारण ते आत्याने स्वतः पाठवले होते.

परवा तिला पुन्हा फोन आला. या वेळी 'रिकव्हरी एजन्सी'. तुमचे पंधराशे सोडवून देतो, आधी तीनशे फी. आकडासुद्धा बरोबर माहीत होता. म्हणजे तिचं नाव अजून कुणाच्या तरी यादीत फिरतंय. तुमच्या आईवडिलांनी, सासूसासऱ्यांनी कधीही अशा साइटवरून काही मागवलं असेल, तर त्यांचंही असणार. त्यांना रागावू नका, पण आजच विचारा, आणि असा फोन आला तर ठेवून दे आणि आधी मला सांग, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.