प्रचारसेवा : पत्रके उत्तम, फोनसंदेश नाकारण्याजोगा

2024 च्या विधानसभा निवडणुकीत लातूर जिल्ह्यातील एका अपक्ष उमेदवाराच्या प्रचारासाठी आम्ही एका स्थानिक जाहिरात संस्थेची सेवा घेतली होती. संस्थेचे पत्रकांचे काम खरोखर चोख आहे. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये असताना आडतीवर प्रत्यक्षात किती हातात पडतात, या एकाच प्रश्नावर त्यांनी पत्रक उभे केले आणि पारावर बसलेले लोक ते शेवटपर्यंत वाचत, कारण त्यात घोषणांऐवजी शेतकऱ्याच्या विक्रीपट्टीवरचा हिशेब होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ प्रमाणे मुद्रक व प्रकाशकाचे नाव आणि पत्ताही त्यांनी आम्ही न सांगताच छापला.

रेकॉर्ड केलेल्या फोनसंदेशाबाबत मात्र माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. ‘दुसरा निवडून आला तर तुमचे अनुदान बंद होईल’ असा मजकूर संस्थेने आग्रहाने पुढे केला. संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांवर घर चालवणाऱ्या एकट्या बाईला असा फोन गेला, तर ती विचाराने नव्हे, धास्तीने मत देईल, आणि हे मला अन्यायाचे वाटते. शिवाय अशा संदेशाला निवडणुकीच्या जाहिराती तपासणाऱ्या माध्यम प्रमाणन समितीची पूर्वमंजुरी लागते, हे आम्हालाच सांगावे लागले. आम्ही तो मजकूर नाकारला.

एलईडी व्हॅन ठीक होती. देयके तपशीलवार मिळतात, त्यामुळे 40 लाखांच्या खर्चमर्यादेचा हिशेब ठेवणे सोपे जाते. पत्रकांसाठी ही संस्था अवश्य निवडावी. फोनसंदेशाचा मजकूर स्वतः लिहून द्यावा.