डिपस्टिक नसलेली गाडी: सात महिने, नऊ हजार किलोमीटर

गाडी परवा सर्व्हिस सेंटरमधून परत आली. पाच दिवस तिथे होती. जॉबकार्डवर लिहिलंय, ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार आवाज. तपासणी केली.’ एवढंच. या दोन वाक्यांच्या पोटात काय काय आहे ते सांगायला बसलोय, कारण या मॉडेलच्या इंजिनात आवाज येतो, बेअरिंग जातं असं जे बोललं जातंय ते ऐकून बुकिंग रद्द करावं का, असा विचार करणारे बरेच असतील. मीही तो विचार केला होता, पण तोवर पैसे भरून झाले होते.

हॉर्सपॉवर, टॉर्क, शून्य ते शंभर हे आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील, त्यामुळे ते सोडतो. स्टिअरिंग अप्रतिम. ब्रेक पहिल्या दिवशी लाकडासारखे वाटले, पाचशे किलोमीटरमध्ये पॅड बसले आणि मग तक्रार राहिली नाही. मागची सीट म्हणजे बॅग ठेवायची फळी. बूटचं झाकण दोनदा आपटावं लागतं. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना गाडी जी मागून ढकलते, त्यासाठी बाकी सगळं माफ.

दुसऱ्या महिन्यात ती चौदा सेकंदांची क्लिप फिरायला लागली. बॉनेट उघडं, इंजिन चालू, खट-खट-खट. खाली कुणी लिहिलं बेअरिंग गेलं, कुणी लिहिलं क्रँक गेला, कुणी सांगितलं की पहिली अख्खी बॅचच कच्ची आहे. क्लिप तीच, कहाण्या चार. खोललेलं इंजिन एकानेही दाखवलं नाही. मला तिथेच थांबायला हवं होतं, पण माझी गाडी पहिल्या बॅचमधलीच आहे, त्यामुळे थांबलो नाही.

आणि अशा गोष्टी हसण्यावारीही नेता येत नाहीत. २०१४ मध्ये पोर्शने नव्या ९११ जीटी३च्या मालकांना गाड्या चालवूच नका असं सांगितलं होतं. युरोपात दोन गाड्या पेटल्या होत्या. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होत असल्याचं निघालं आणि कंपनीने ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली. फोर्डच्या फोकस आरएसमध्ये थंड इंजिन सुरू केलं की पांढरा धूर येतो, कूलंट कमी होतो, असं मालक सांगत होते. काही गाड्यांना सिलिंडर हेडचं चुकीचं गॅस्केट बसल्याचं नंतर कंपनीनेच मान्य केलं. उलट फेरारी ४५८ इटालिया २०१० मध्ये पेटायला लागली, तेव्हा इंजिनाचा काही दोष नव्हता. चाकाच्या कमानीतल्या हीट शिल्डला, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या आवरणाला, लावलेला गोंद तापून पेट घेत होता. म्हणजे आवई खरी असू शकते, अर्धी खरी असू शकते, किंवा आजार खरा आणि निदान भलतंच असू शकतं.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडे येतो. या गाडीला डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल बघायची काडी, नाही.

नाहीच. बॉनेट उघडून पहिल्या दिवशी मी शोधत राहिलो. ऑइल भरायचं झाकण आहे, पण काडी नाही. ऑइल बघायचं तर गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन पुरतं गरम करा, स्क्रीनवर तीन मेन्यू ओलांडा, मग दोन मिनिटं ‘मोजमाप सुरू आहे’ बघत बसा. शेवटी चार चौकोन दिसतात. चारही भरलेले असले की ठीक. चौकोनांच्या आत काय चाललंय ते गाडीलाच ठाऊक. ऑइल काळं झालंय का, पातळ झालंय का, पेट्रोलचा वास येतोय का, हे स्क्रीन सांगत नाही. पूर्वी फडकं आणि अर्धं मिनिट, एवढ्यात हे सगळं कळायचं. हल्ली बऱ्याच महागड्या गाड्यांत असंच असतं हे मला माहीत आहे. म्हणून ते बरोबर ठरत नाही. एवढ्या किमतीच्या गाडीत हातभर लोखंडी काडी वाचवून कुणाचं भलं झालं?

तर काडी नाही म्हणून मी ऑइलच काढून बघितलं. कंपनी पंधरा हजारांना बदला म्हणते, मी सोळाशे किलोमीटरला बदललं, ठरवून दिलेल्याच ग्रेडचं, पावती जपून. मित्रांनी वेड्यात काढलं. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या, उन्हात धरल्या, तर बारीक चमक! पोटात गोळाच आला. चुंबक फिरवला, काही कण चिकटले, काही नाही. चिकटले ते लोखंडाचे, ते नव्या इंजिनात घासून निघतातच. न चिकटणारे ॲल्युमिनियमचे असू शकतात, बेअरिंगच्या वरच्या थराचेही असू शकतात. ती रात्र वाईट गेली. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात लोखंड जास्त, सिलिकॉन जास्त, आणि बेअरिंग झिजल्याची एक खूण असलेलं शिसं जवळपास नाही. सिलिकॉन म्हटलं की आधी धूळ आठवते, पण कोऱ्या इंजिनात ते जोडांना लावलेल्या सीलंटमधूनही उतरतं. पाच हजार किलोमीटरला पुन्हा नमुना पाठवला, सगळे आकडे खाली आले होते. इथवर मी हा अनुभव ‘घाबरू नका, बिनधास्त घ्या’ असाच लिहिणार होतो.

आठ हजारांच्या पुढे आवाज सुरू झाला. सकाळी, थंड इंजिनावर, बावीसशे आरपीएमच्या आसपास, पत्र्याच्या डब्यात चणे हलवावेत तसा. डायरेक्ट इंजेक्शनची टिकटिक मला ओळखता येते, ती ही नव्हती. मी ती क्लिप पुन्हा लावली आणि अर्थातच मला दोन्ही आवाज एकच वाटले.

आधी आमच्या जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी अशी गाडी आयुष्यात पाहिलेली नव्हती. लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाच्या ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. जागा बदलत चार-पाचदा ऐकलं. मग म्हणाले, “हा आतला आवाज नाही. बेअरिंग वाजत असतं तर ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावर वाढलं असतं. तुझा तर गरम झाल्यावर जातोय. खाली बघायला लाव.”

सर्व्हिस सेंटरमध्ये सुपरवायझरने बॉनेटही न उघडता सांगितलं, “सर, नॉर्मल आहे, सगळ्या गाड्यांना येतो.”

“मग ‘नॉर्मल आहे’ असं जॉबकार्डवर लिहून द्या.”

“सर, तसं लिहिता येत नाही.”

“मग नॉर्मल नाही असं लिहा.”

तेही लिहिता येत नव्हतं. पाऊण तास हेच चाललं. शेवटी मी तिथल्या डेमो गाडीचं इंजिन सुरू करायला लावलं. तीही थंडच होती. बावीसशेवर नेली, गप्प. मग कुठे माझी गाडी लिफ्टवर चढली. एक्झॉस्टवरच्या हीट शिल्डचा एक बोल्ट सैल. दहा मिनिटांचं काम. मी ओशाळलो, हे कबूल करतो. सुपरवायझर हसला नाही, पण हसण्याच्या बेतात होता.

तेवढ्यात लिफ्टखालच्या पोराने टॉर्च बाजूला फिरवला. टर्बोकडून खाली ऑइल साठतं त्या चेंबरकडे येणारा ऑइलचा पाईप जोडापाशी घामेजल्यासारखा ओला होता. खाली थेंब नाही, कारण खालचं प्लॅस्टिकचं आवरण सगळं पिऊन बसलं होतं. आवरण काढलं तर आत काळा चिकट थर. गळती लहान, पण टर्बो किती तापतो हे लक्षात घेतलं तर तिथे ऑइल पाझरणं मला मुळीच आवडलं नाही. आणि स्क्रीनवर? त्याच सकाळी चारही चौकोन भरलेले. सगळं काढून मोजलं तेव्हा भरलं होतं त्यापेक्षा चारशे मिली कमी निघालं. काडी असती तर दर आठवड्याला खाली सरकणारी रेघ मला महिनाभर आधी दिसली असती.

पाईप वॉरंटीत बदलला, त्याबद्दल कुरकुर नाही. पाच दिवस लागले ते पार्ट यायला. पण मी जुना आणि नवा पाईप शेजारी ठेवून बघितले. आकडे तेच, जुन्याच्या शेवटी ‘ए’, नव्याच्या शेवटी ‘सी’. म्हणजे मधे एक ‘बी’सुद्धा येऊन गेला. सात महिन्यांत कुणीतरी हा पाईप दोनदा सुधारला आणि पहिल्या बॅचवाल्यांना एका ओळीचा निरोप नाही. विचारलं तर म्हणे, “सर, पार्ट अपडेट होतच असतात.” कंपनीने तोंड उघडलं नाही की लोक चौदा सेकंदांच्या क्लिपमधून अर्थ काढत बसतात. बेअरिंगची भुमका माझ्या गाडीपुरती तरी खोटी निघाली, पण लोकांना उगाच वास येत नव्हता.

गाडी विकणार नाही. काल संध्याकाळी घाटात नेली होती, विकायचा विषयच निघत नाही. पण तुमचं बुकिंग असेल तर डिलिव्हरीच्या दिवशी गाडी लिफ्टवर चढवायला लावा, खालचं आवरण काढायला लावा आणि पाईपवरचं शेवटचं अक्षर वाचा. ‘ए’ असेल तर तिथेच जॉबकार्ड उघडा, आणि काय लिहितायत ते सही करण्याआधी वाचा.

माझं पुढचं ऑइल साडेबारा हजार किलोमीटरला. काढलेलं मोजून बघणार, फिल्टर पुन्हा कापणार.