वेगळी चूल मांडलेलं स्टार ट्रेक

दादाचा आक्षेप एका वाक्यात मावतो: जे यान कुठे जातच नाही, त्याला ट्रेक कशाला म्हणायचं? पंचवीस वर्षं तो हेच म्हणत आलाय, आणि त्याचं ऐकून मीही ‘डीप स्पेस नाइन’ या स्टार ट्रेक मालिकेच्या वाटेला कधी गेले नव्हते. दिवाळी झाल्यावर सुरू केली, मे महिन्याच्या अखेरीस संपवली. सात सीझन, 176 भाग. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की एक भाग. आता हे लिहायला बसलेय, कारण इतकी वर्षं बघितली नाही याची मनापासून हळहळ वाटतेय. पुढे कथा जागोजागी उघड होणार आहे. ज्यांना काही माहीत नसताना बघायचंय, त्यांनी इथेच थांबावं.

आमच्याकडे स्टार ट्रेक, म्हणजे अंतराळयानातल्या माणसांची ती अमेरिकन मालिका, आली ती दूरदर्शनवरून, रविवारी सकाळी. अण्णा कराडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. टीव्ही शेजारच्या काकूंकडे, दारात चपलांचा ढीग. 1966 ते 1969 या काळात अमेरिकेत झालेले ते 79 भाग आमच्यापर्यंत पोहोचायला पंधरा-सोळा वर्षं गेली होती, पण आम्हाला ते कोरे करकरीत होते. इंग्रजी दादाला थोडं कळायचं, मला अजिबात नाही. दार सरकल्याचा तो ‘श्श्क’ आवाज दादा आठवडाभर तोंडाने काढायचा. पुढे केबल आली आणि ‘नेक्स्ट जनरेशन’ ही त्यातलीच पुढची मालिका आली. तिच्यातल्या यानाचा कॅप्टन पिकार्ड हा दादाचा माणूस. संकट आलं की सगळे टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं ऐकून घेतात, मग निर्णय. कंपनीत मीटिंग कशी घ्यायची हे मी तिथून शिकलो, असं तो आजही सांगतो.

म्हणून त्याचा राग मला कळतो. 1993 मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ सुरू झाली तेव्हा ‘नेक्स्ट जनरेशन’ चालूच होती. एकाच घरात दोन चुली. थोरलीवर पिकार्डचं यान नवनवीन ग्रह बघत फिरतंय आणि धाकटीवर एक जुनं, मोडकं स्थानक जागच्या जागी गरगरतंय. मूळ मालिकेचे जनक जीन रॉडेनबरी यांचा आग्रह असे, की त्या भविष्यातली आपली माणसं आपसात क्षुद्र भांडणं करणार नाहीत. विचार मोठा होता, पण लिहिणाऱ्यांची पंचाईत व्हायची. ते 1991 मध्ये गेले. रिक बर्मन आणि मायकेल पिलर यांनी नवं बिऱ्हाड थाटताना युक्ती काढली: यानाऐवजी स्थानक घ्यायचं आणि त्यावर स्टारफ्लीटबाहेरची, म्हणजे मालिकेतल्या त्या अंतराळदलात नसलेली माणसं वसवायची. दारूचा गुत्तेवाला, शिंपी, देशासाठी बॉम्ब लावलेली बाई, आपण कोणत्या जमातीचे हेच माहीत नसलेला पोलीस. मग ही माणसं भांडणारच, आणि भांडण संपलं तरी कोणी उठून दुसऱ्या ग्रहावर जाणार नाही. उद्या सकाळी परत तीच तोंडं बघायची.

कुठेही न जाणारी जागा म्हणजे काय, हे कंट्रोलरच्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरड आली की चिपळूणच्या गाड्या स्टँडवर अडकायच्या. संध्याकाळी खिडकीच्या जागेवरून एकमेकांच्या अंगावर गेलेली दोन माणसं मला आठवतात. रात्री साडेअकराला ती एकाच पिशवीतलं भडंग खात बसली होती. बाळंतपणाला माहेरी निघालेली एक बाई होती. तिला अण्णांनी आपल्या केबिनमधली खुर्ची दिली आणि स्वतः माइकजवळ उभे राहिले, पहाटेपर्यंत. कँटीनवाल्याला दोनदा उठवून चहा करायला लावला. गाडी चालवणारा दहा गावं बघतो. कंट्रोलर दहा गावांची माणसं बघतो.

या स्थानकावर प्रॉमनाड म्हणून एक बाजारपेठ आहे. एका बाजूला मंदिर, दुसऱ्या बाजूला क्वार्कचा बार, मध्ये पोलीस चौकी. बारमध्ये मॉर्न नावाचा एक गिऱ्हाईक कायम स्टुलावर बसलेला असतो. सात वर्षांत तो पडद्यावर एक शब्द बोलत नाही, आणि सगळे म्हणतात की हा बोलायला लागला की थांबत नाही. वरच्या मजल्यावर स्थानकाचा प्रमुख कमांडर सिस्को याचा मुलगा जेक आणि बारवाल्याचा पुतण्या नॉग पाय खाली सोडून येणारी-जाणारी माणसं बघत बसतात. एकाला आई नाही. दुसऱ्याला वाचता येत नाही, ते जेक शिकवतो. पुढे तोच नॉग स्टारफ्लीटमध्ये भरती होतो, सातव्या सीझनमध्ये लढाईत पाय गमावतो आणि परत आल्यावर एका आभासी जगात जाऊन बसतो, खऱ्या जगात यायलाच तयार होत नाही. पहिल्या भागात ज्याला चोरीसाठी पकडलं होतं त्या पोराचा इथवरचा प्रवास आपण बघितलेला असतो. हा ट्रेक नाही तर काय आहे?

पहिला सीझन मात्र जड जातो, हे कबूल केलं पाहिजे. आठ-दहा भाग असे आहेत की ते ‘नेक्स्ट जनरेशन’मधून उरलेल्या सामानावर भागवल्यासारखे वाटतात. मी दोनदा बंद करायच्या बेतात होते. मग एकोणिसावा भाग आला, ‘ड्युएट’.

मालिकेतला बजोर हा ग्रह पन्नास वर्षं कार्डेशियन या परक्या जमातीच्या टाचेखाली होता. स्थानकही त्यांनीच बांधलेलं, बजोरी मजुरांना राबवून. मेजर कीरा, म्हणजे ती बॉम्ब लावलेली बजोरी बाई, लहानपणापासून त्यांच्याविरुद्ध लढलेली. स्थानकावर एक कार्डेशियन येतो. त्याला जो आजार आहे तो फक्त एका छळछावणीत असलेल्यांनाच झालेला. कीरा त्याला कोठडीत टाकते. आधी तो म्हणतो, मी साधा कारकून होतो. मग पुरावा सापडतो की तो छावणीचा क्रूर प्रमुख आहे, आणि तो छाती फुगवून आपल्या कत्तलींचं वर्णन करायला लागतो. जवळपास सगळा भाग त्या एका कोठडीतच. दोन माणसं बोलताहेत, मध्ये अदृश्य भिंत. आणि शेवटी कळतं, तो खरोखर कारकूनच होता. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून रडणारा. प्रमुख मेला, पण कोणाला शिक्षा झाली नाही, म्हणून याने आपला चेहरा त्याच्यासारखा करून घेतला, की निदान आपल्याला फाशी होईल आणि आपल्या देशाला गुन्हा कबूल करावा लागेल. हॅरिस यूलिन यांनी तो क्षण केलाय. गर्वाने तरतरलेला चेहरा बोलता बोलता ओठांपासून ढासळत जातो, आवाज लहान मुलासारखा होतो. समोर नाना व्हिजिटर यांची कीरा काही बोलत नाही, फक्त ती अदृश्य भिंत काढून कोठडी उघडते. टीव्ही बंद करून मी बराच वेळ अंधारात बसून राहिले.

चौथ्या सीझनमधला ‘द व्हिजिटर’ मी दुसऱ्यांदा बघू शकलेले नाही. एका अपघातात सिस्को काळाच्या फटीत अडकतो. काही वर्षांनी मिनिटभर मुलासमोर येतो, परत नाहीसा होतो. तो तसाच, मुलगा मात्र म्हातारा होत जातो. लेखन सोडतो, संसार मोडतो, बापाला सोडवायचं एवढंच डोक्यात. बाप प्रत्येक वेळी सांगतो, मला सोड, तू जग. अण्णा गेले त्या वर्षी दादाने नोकरी बदलायची थांबवली होती, कराडचं घर विकायला नको म्हणून. हा भाग त्याने बघावा असं मला फार वाटतं. म्हाताऱ्या जेकच्या कामात टोनी टॉड आहेत. त्यांचा हात पुस्तकावरून फिरतो तेवढं बघितलं तरी पुरे.

आता भांडणाचा खरा मुद्दा. पाचव्या सीझनच्या शेवटी डोमिनियन या शत्रू साम्राज्याशी युद्ध पेटतं आणि ते शेवटपर्यंत चालतं. सहाव्या सीझनमध्ये ‘इन द पेल मूनलाइट’ नावाचा भाग आहे. रोम्युलन या परक्या जमातीने आपल्या बाजूने युद्धात उतरावं म्हणून सिस्को खोटा पुरावा तयार करवून घेतो. एकेक पायरी खाली उतरत जातो आणि शेवटी त्या कटात खून होतात. रात्री एकटा बसून तो हे सगळं नोंदवहीत सांगतो, पेला उचलतो, या ओझ्यासह मला जगता येईल असं म्हणतो, आणि मग नोंद पुसून टाकायला लावतो. दादासारख्या अनेकांना हे विश्वासघातासारखं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की बाकी सगळ्या मालिका माणूस किती खाली जातो हेच दाखवतात. स्टार ट्रेक तो किती वर जाईल हे दाखवत होतं, तेवढं एक तरी ठेवायचं होतं. या म्हणण्याला मी हसणार नाही. लहानपणी आम्हाला ज्याची ओढ लागली ती तीच गोष्ट होती. पण मला वाटतं सिस्को दुसऱ्यांदा जेव्हा म्हणतो की मी जगू शकेन, तेव्हा एवरी ब्रुक्स यांचा आवाज किंचित अडतो, आणि त्या अडण्यात रॉडेनबरींचं सगळं स्वप्न शिल्लक आहे. चुकलं हे त्याला माहीत आहे. ज्याला ते माहीत नसतं, तो नोंद कशाला पुसेल?

न आवडलेलंही सांगते. आरशातल्या विश्वाचे, म्हणजे याच माणसांच्या उलट्या प्रतिरूपांच्या जगाचे भाग पहिला सोडला तर वाया गेलेत. ‘प्रॉफिट अँड लेस’ हा भाग चक्क वगळा. टेरी फॅरेल सहाव्या सीझनअखेर मालिका सोडून गेल्या तेव्हा त्यांच्या पात्राला, जॅड्झियाला, ज्या घाईने मारलं, ते बघून चीड आली. सहा वर्षं घरात वावरलेल्या बाईला असं काढत नाहीत. गुल डुकाट हा कार्डेशियन अधिकारी इतका खोल खलनायक, शेवटी लाल डोळ्यांचा राक्षस करून टाकला. सिस्कोच्या शेवटाबद्दल मात्र एक गोष्ट कळली आणि बरं वाटलं. आधीच्या लेखनात तो गरोदर बायकोला सोडून कायमचा जात होता. काळा बाप घर टाकून जातो असं चित्र नको, म्हणून ब्रुक्स यांनी स्वतः आग्रह धरला आणि तो प्रसंग बदलून परत चित्रित झाला. मी येईन, असं वचन तो देऊन जातो.

बाकीच्या बिऱ्हाडांबद्दल, म्हणजे स्टार ट्रेकच्या इतर मालिकांबद्दल थोडक्यात. ‘व्हॉयेजर’ची कॅप्टन जेनवे मला आवडते, पण घरापासून सत्तर वर्षांच्या अंतरावर हरवलेलं ते यान पुढच्या भागात नेहमी धुतल्यासारखं स्वच्छ असतं. ‘एंटरप्राइज’ चौथ्या सीझनला कुठे जम बसवत होती, तेव्हाच 2005 मध्ये बंद पडली, आणि तिचा शेवटचा भाग ‘नेक्स्ट जनरेशन’मधला पिकार्डचा साहाय्यक रायकर याने बघितलेला आभासी देखावा म्हणून दाखवला. धाकट्या घरच्या शेवटच्या पंगतीत थोरल्या घरच्या पाहुण्याला यजमानाच्या पाटावर बसवलं. यावर मी आणि दादा एकमताने चिडलो. ‘पिकार्ड’च्या तिसऱ्या सीझनमध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’चं जुनं यान परत दिसलं, गालिचासकट, तेव्हा दादा फोनवर रडला. मलाही भरून आलं. पण आल्बम चाळताना येतं तसं, आणि आल्बम मिटला की आपण उठतो. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ दोघांनाही आवडते, त्यामुळे तिच्यावर आमचं बोलणं लवकर संपतं.

बघायची कशी, तेही सांगायला हवं. ज्या ॲपवर मी पैसे भरून बघत होते, तिथून सहाव्या सीझनच्या मध्यावर मालिका एका सकाळी नाहीशी झाली. ना सूचना, ना विचारणा. मावसबहिणीने अमेरिकेहून डीव्हीडीचा संच आणला, तर तो रीजन एकचा, म्हणजे अमेरिकेकडच्या प्लेअरवरच चालणारा, आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन पाचचे. शेवटी जुना लॅपटॉप टीव्हीला जोडून उरलेली मालिका संपवली. चित्राकडून फार अपेक्षा ठेवू नका. चौकोनी चित्र, दोन्ही बाजूंना काळे पट्टे, मोठ्या टीव्हीवर कडा विरघळलेल्या. चित्रण फिल्मवरच झालं होतं, पण संकलन आणि यानांची दृश्यं व्हिडिओ टेपवर तयार झाली. एचडी करायचं तर मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून प्रत्येक भाग नव्याने जोडावा लागतो. ‘नेक्स्ट जनरेशन’साठी ते 2012 ते 2014 मध्ये केलं. हिच्यासाठी अजून झालेलं नाही. चाहत्यांनी वर्गणी काढून मालिकेवर माहितीपट केला, त्यात काही मिनिटांची दृश्यं एचडीत आहेत. ती बघितल्यावर बाकीच्यांसाठी जीव तुटतो.

एक फायदा मात्र आजच्याच प्रेक्षकाला आहे. शेवटचे दहा भाग म्हणजे एकच लांब कथा. तेव्हा आठवड्याला एक भाग यायचा, एक चुकला की धागा सुटला. आज ते सलग दहा रात्री बघता येतात, आणि तसेच बघावेत.

डिस्कचा संच आता दादाकडे आहे. गेल्या रविवारी फोन आला, पहिला सीझन संपला म्हणाला. ‘ड्युएट’बद्दल विचारलं तर थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “तो कारकून... अण्णांच्या ऑफिसातल्या त्या नाइकांसारखा दिसतो गं, कान झाकतो तेव्हा.” आणि लगेच, “पण यान कधी येणार?”

तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात येतं, डिफायंट नाव आहे, तोवर बघ, असं सांगितलंय.