सुरकुत्यांसाठी क्रीम की क्लिनिकमधले उपचार? ठरवण्याआधी सुरकुती ओळखा

चेहऱ्यावर सुरकुत्या दिसायला लागल्या की बहुतेक जण खर्चाचा हिशेब आधी मांडतात. क्रीम स्वस्त, इंजेक्शन महाग. तेव्हा आधी क्रीम लावून बघू, नाहीच जमलं तर पुढचं बघू. वरवर हा क्रम शहाणपणाचा वाटतो. पण क्रीम आणि इंजेक्शन एकाच सुरकुतीवर काम करत नाहीत. त्यामुळे जी सुरकुती क्रीमने कधीच जाणार नाही तिच्यावर लोक वर्षानुवर्षं पैसे घालवतात, आणि जी नियमित क्रीमने सौम्य झाली असती तिच्यासाठी सुई टोचून घेतात. म्हणून पहिला निर्णय आरशासमोर व्हायला हवा.

दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ उभे राहा आणि चेहरा अगदी सैल सोडा. मग भुवया वर उचला, कपाळाला आठ्या घाला, डोळे बारीक होतील असं हसा. ज्या रेषा फक्त या हालचालीत उमटतात आणि चेहरा सैल सोडला की मिटतात, त्या स्नायूंमुळे आहेत. तीच घडी हजारो वेळा पडली की कागदाच्या घडीसारखी तिथेच राहते. मग चेहरा शांत असतानाही ती दिसते.

गालांवर, डोळ्यांखाली बारीक जाळीसारख्या रेषा असतील, त्वचा खरखरीत असेल, जोडीला डाग असतील, तर ते मुख्यतः उन्हाचं काम. नाकाच्या कडेपासून ओठांच्या टोकापर्यंत उतरणारी घडी मात्र निराळी. वयानुसार गालातली चरबी आणि खालचं हाड कमी होतं, वरची त्वचा ओघळते आणि तिथे घडी पडते. आडवं पडून हातातल्या आरशात पाहिलं तर ती बरीच हलकी दिसते, त्यावरून ओळखू येते.

आता क्रीमबद्दल. दुकानातलं कुठलंही चांगलं मॉइश्चरायझर लावलं की बारीक रेषा काही तासांत कमी दिसतात. हा परिणाम खरा आहे. वरच्या थरात पाणी टिकतं, त्वचा फुगते, रेषा भरल्यासारख्या वाटतात. पण लावणं थांबवलं की सगळं पूर्ववत होतं. कोलाजेन म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन. ते असलेल्या क्रीमचंही तेच. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू अखंड त्वचेतून सहसा आत जात नाही, आणि कोलाजेनचा रेणू तीन लाख डाल्टनच्या आसपास असतो. म्हणजे ते क्रीम वरच ओलावा धरून बसतं. कोलाजेनच्या नावाखाली जास्त किंमत मोजायचं काही कारण नाही. व्हिटॅमिन सीच्या सीरमला थोडा आधार आहे, पण हवा आणि उजेड लागला की ते लवकर खराब होतं. बाटलीतलं द्रव गडद तपकिरी झालं असेल तर ते लावण्यात अर्थ नाही.

क्रीमच्या जगात सुरकुत्यांवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो ट्रेटिनॉइनचा. हे मूळचं मुरुमांचं औषध. ते वापरणाऱ्या रुग्णांची त्वचा नितळ होत असल्याचं लक्षात आलं आणि १९८६ साली अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन व सहकाऱ्यांनी उन्हाने खराब झालेल्या त्वचेवरचा त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, बारीक सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइनच्या क्रीमला मान्यता दिली. ते नवं कोलाजेन तयार व्हायला चालना देतं आणि उन्हामुळे कोलाजेन मोडणाऱ्या एन्झाइमांना आळा घालतं. दुकानात मिळणारं रेटिनॉल त्याच कुळातलं, पण त्वचेत शिरल्यावर त्याचं दोन टप्प्यांत रूपांतर व्हावं लागतं. म्हणून ते सौम्य असतं आणि त्याचा परिणामही हळू दिसतो.

ट्रेटिनॉइन बहुतेकांना सोसत नाही असं म्हणतात. माझ्या मते अडचण औषधापेक्षा लावण्याच्या पद्धतीत जास्त असते. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा, पंधरा-वीस मिनिटं थांबावं, आणि अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच क्रीम घ्यावं. डोळ्यांच्या अगदी कडेला, नाकाच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यात लावू नये. सुरुवात आठवड्यातून दोन रात्री, तीही ०.०२५ टक्क्यांपासून. वरून मॉइश्चरायझर. पहिले काही आठवडे त्वचा लाल होईल, सोलेल, साधं पाणी लागलं तरी चुणचुणेल. नेमक्या याच टप्प्यावर लोक ट्यूब बाजूला ठेवतात. फरक दिसायला किमान तीन ते सहा महिने लागतात आणि वर्षभर सुधारणा होत राहते. गर्भवतींनी आणि गर्भधारणेच्या तयारीत असलेल्यांनी हे कुळच टाळायचं, रेटिनॉलसुद्धा.

याच्या जोडीला सनस्क्रीन नसेल तर सगळे कष्ट पाण्यात जातात. ऑस्ट्रेलियात नौशेहून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षं एक अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. मनाला येईल तेव्हा सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या तुलनेत रोज लावणाऱ्यांमध्ये त्वचेचं वय वाढण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी आढळलं. अतिनील किरणांपैकी यूव्हीए खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात, म्हणून घरात किंवा गाडीत बसलं की सुटका नाही. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधल्या बोटावर भरून येईल एवढं सनस्क्रीन लागतं. बहुतेक जण त्याच्या निम्मंही घेत नाहीत.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. आठवडाभरात चेहरा उजळ आणि नितळ करणारं, घटकांची यादी नसलेलं क्रीम कोणी दिलं तर ते लावू नका. अशा मिश्रणांत अनेकदा स्टिरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा खरंच चमकतो. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमांसारखं पुरळ येतं, आणि क्रीम बंद केलं की चेहरा पेटतो.

क्लिनिकमधल्या उपचारांत सर्वाधिक नाव बोटॉक्सचं. कॅनडातल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या आकडीवर हे इंजेक्शन देत होत्या. भुवयांमधल्या आठ्याही गेल्याचं एका रुग्णाने सांगितलं, आणि त्यांनी त्वचारोगतज्ज्ञ पती अ‍ॅलिस्टर यांच्यासह त्यावर काम केलं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी एफडीएची मान्यता २००२ साली मिळाली. हे औषध मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. स्नायू सैल पडतो, घडी पडत नाही. तीन ते पाच दिवसांत परिणाम जाणवतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन ते चार महिन्यांत उतरतो. हालचालीच्या रेषांवर याची बरोबरी कुठलंही क्रीम करू शकत नाही. ‘बोटॉक्ससारखं’ असं छापलेली क्रीम तर मुळीच नाहीत. मात्र चेहरा स्थिर असतानाही खोल उमटलेली घडी यानेही पूर्ण पुसली जात नाही, आणि गालांवरच्या बारीक जाळीला त्याचा विशेष उपयोग नाही.

टोचल्या जागी निळसर डाग, डोकेदुखी हे नेहमीचे त्रास. क्वचित पापणी खाली येते. काही आठवड्यांनी ती आपोआप पूर्ववत होते, पण तोवर वाट पाहावी लागते, कारण बोटॉक्सला उतारा नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल तर हे घेऊ नये. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळातही टाळतात.

फिलर म्हणजे आत भरायचा जेल, बहुधा हायलुरोनिक आम्लाचा. कमी झालेला भराव तो परत देतो, म्हणून नाकापासून ओठांकडे जाणाऱ्या घडीसाठी तो बरोबर. साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. मन बदललं तर हायलुरोनिडेज टोचून विरघळवता येतो, ही याची मोठी जमेची बाजू. पण जेल चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचा मरू शकते, आणि अगदी क्वचित दृष्टीही जाते. भुवयांमधली जागा आणि नाक इथे हा धोका जास्त. टोचल्यावर त्वचा पांढरी पडली, तीव्र वेदना झाल्या किंवा धूसर दिसू लागलं तर डॉक्टरला सांगायला एक मिनिटही थांबायचं नाही. या सगळ्या पर्यायांत डॉक्टरच्या हाताची सर्वांत जास्त पारख फिलरलाच लागते असं मला वाटतं.

उन्हाने आलेल्या जाळीसाठी त्वचेचा वरचा थर काढणारे उपचार आहेत: रसायन लावून सोलणारं पील आणि लेझर. हलक्या ग्लायकोलिक पीलने तजेला येतो, सुरकुत्या फारशा हलत नाहीत. खोल फिनॉल पीलचा परिणाम मोठा, पण फिनॉल रक्तात शिरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून ते हृदयावर देखरेख ठेवूनच करतात. कार्बन डायऑक्साइड लेझरनंतर आठवडा-दोन आठवडे घरात काढायची तयारी हवी आणि लाली त्यापुढेही राहते. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेला अशा जखमेनंतर काळे डाग पडण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा बराच जास्त. सुरकुती गेली आणि डाग आला असं व्हायला नको. अशा त्वचेचा भरपूर अनुभव असलेल्या डॉक्टरकडेच हे करावं.

मग घ्यायचं काय? बारीक जाळी, खरखरीतपणा, डाग हा मुख्य त्रास असेल तर सनस्क्रीन आणि रेटिनॉइडला (म्हणजे ट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉलला) पूर्ण एक वर्ष द्या, त्याआधी लेझरचा विचारही करू नका. कपाळाच्या किंवा डोळ्यांच्या कडेच्या आठ्या खुपत असतील तर क्रीमची वाट बघण्यात वर्ष घालवू नका, त्या बोटॉक्सनेच जातील. मात्र वर्षातून तीन-चार वेळा तो खर्च करायची तयारी आहे का, हे पहिल्या इंजेक्शनआधी स्वतःला विचारा. थांबलात तर रेषा आधीपेक्षा वाईट होत नाहीत, जिथे होत्या तिथे परत येतात. ओठांकडच्या घडीवर महागड्या क्रीमचा उपयोग नाही. ती फिलरने भरा, नाहीतर सरळ राहू द्या. तेवढ्यासाठी धोका पत्करायचा नाही असं ठरवणं हाही पक्का निर्णय आहे. आणि इंजेक्शन घेतलं तरी सनस्क्रीन सुटत नाही, कारण सैल पडलेल्या स्नायूला उन्हाशी काही देणंघेणं नसतं.

क्लिनिक ठरवलंच तर सवलतीच्या जाहिरातीपेक्षा काही साध्या प्रश्नांवर भर द्या. इंजेक्शन स्वतः डॉक्टर देणार की दुसरं कोणी? औषधाचं नाव काय, बाटली माझ्यासमोर उघडणार का, किती युनिट देणार? फिलर असेल तर हायलुरोनिडेज आत्ता इथे, या खोलीत आहे का? याची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर त्या दिवशी सुई न घेता उठून या.