बडोद्यातून वादळाची खबर द्यायची, तर कुठे?

वादळ, गारा, मुसळधार पाऊस यांची नोंद स्वयंसेवक म्हणून ऑनलाइन पाठवायची असेल, तर अ‍ॅप निवडण्याआधी एवढं बघा: तुमची नोंद शेवटी वाचतं कोण? रडारला आपली गरज आहेच. क्षितिजापासून अर्धा अंश वर सोडलेला त्याचा किरण १०० किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर उंचावरून जातो. त्याखाली बडोद्याच्या मांडवीत गारा पडल्या की नुसता पाऊस, हे तिथे उभा असलेला माणूसच सांगू शकतो.

शिस्तीच्या बाबतीत अमेरिकेतलं स्वयंसेवी वादळ-निरीक्षकांचं स्पॉटर नेटवर्क (२००६) मला सर्वांत सरस वाटतं. आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मगच नोंद पाठवण्याचा हक्क. आणि ती नोंद थेट तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेकडे. पण म्हणूनच बडोद्याच्या वादळासाठी ते निरुपयोगी आहे.

२०१२ साली आलेलं एमपिंग हे अ‍ॅप अगदी उलट. नाव नको, नोंदणी नको. पाऊस, गारा, वारा यांतलं एक निवडा आणि पाठवा. एकट्या नोंदीला फारसं वजन नाही, एकाच भागातून पुष्कळ आल्या तर आहे. तिचा मुख्य उपयोग मात्र अमेरिकेतल्याच रडार-संशोधकांना. युरोपच्या तीव्र हवामान नोंदकोशाने मधली वाट काढली आहे: नोंद कुणाचीही चालते, पण ती नुसती आलेली आहे, पडताळलेली आहे की अभ्यासलेली, याची पायरी प्रत्येक नोंदीपुढे लावलेली असते. ही पद्धत आपल्याकडेही यावी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्यासाठी खरा पर्याय भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावरचा नागरिकांच्या निरीक्षणांचा फॉर्म. ठिकाण, वेळ आणि घटना भरायची: पाऊस, गारा, धुळीचं वादळ, वीज, सोसाट्याचा वारा. परीक्षा नाही, त्यामुळे काटेकोरपणा आपणच पाळायचा. ‘खूप मोठ्या गारा’ म्हणण्यापेक्षा पट्टी ठेवून मोजलेला व्यास कामाचा. ‘झाड पडलं’ यापेक्षा केवढ्या बुंध्याचं, मुळासकट की मोडून, हे जास्त सांगून जातं. दामिनी अ‍ॅप जरूर ठेवा, पण ते विजेचा इशारा देण्यासाठी आहे.

पावसाचं माप ही वेगळी गोष्ट, आणि इथे आपण कमी पडतो. १९९७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या एका भागात काही तासांत फूटभराहून जास्त पाऊस झाला, इतर भागांत बेताचाच. त्या पुरानंतर, १९९८ मध्ये, घरोघरी पर्जन्यमापक ठेवणारी कोकोराझ ही चळवळ सुरू झाली. ती भारतात नाही, पण रीत उचलायला कोण अडवतं? समा, रावपुरा, मांजलपूर इथे एकेक साधा मापक गच्चीवर, झाडापासून दूर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा, म्हणजे आकडे हवामान विभागाच्या साडेआठ ते साडेआठच्या दिवसाशी जुळतील. पाऊस पडला नसेल तर शून्यही लिहा. ३१ जुलै २०१९ ला शहरात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी कुठल्या भागात किती, हे कळणं लाखमोलाचं.

व्हॉट्सअ‍ॅप सर्वांत जलद, पण फिरत आलेल्या व्हिडिओला ना वेळ असते ना ठिकाण. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर फक्त स्वतः पाहिलेलं टाकायचा नियम करा. एकमेकांकडून खात्री करायला तो पुरेसा आहे.

विश्वामित्री नदीचं मात्र वेगळं आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरासारखी वेळ आली, तर यातला एकही फॉर्म सुटकेसाठी नाही. पाणी घरात शिरत असेल तर आधी जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन, फॉर्म नंतर. आणि फोटोसाठी काठावर जायचं नाही: मगरी पाण्याबरोबर वस्तीतही येतात. काळाघोडा पुलापाशी पातळी फुटांत मोजली जाते, तो अधिकृत आकडा आहेच. तुम्ही आपल्या गल्लीत कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं आणि किती वाजता, तेवढं कळवा.