समोरून कॅसेट घेणारा एनईएस: बोर्ड दणकट, ट्रे रडका

निन्टेन्डोचा जुना राखाडी गेम कन्सोल एनईएस, म्हणजे मॉडेल एनईएस-००१, आज सेकंडहँड घ्यावा का? घ्यावा, पण स्क्रूड्रायव्हर हातात धरायची तयारी असेल तरच. दिवा नुसता लुकलुकतो म्हणून ‘बंद’ या नावाखाली विकायला काढलेल्या यंत्राचा बोर्ड अनेकदा ठणठणीत असतो. रुसलेला असतो तो कॅसेट ज्यात बसते तो ७२ पिनांचा कनेक्टर, आणि तो बोर्डाला सोल्डर केलेला नसतो, नुसता खोचलेला असतो.

या दुखण्याचं मूळ यंत्राच्या बाह्यरूपात आहे. याच यंत्राचा जपानमधला १९८३ चा अवतार, फॅमिकॉम, कॅसेट वरून घ्यायचा. अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार त्याच सुमाराला कोसळला, दुकानदार धास्तावले, म्हणून १९८५ मध्ये तिकडे नेताना यंत्राला व्हीसीआरचा अवतार दिला: झाकण उचला, कॅसेट आत सरकवा, खाली दाबा. थाट झकास, पण दाबताना कॅसेटच्या तोंडाशी असलेली धातूच्या संपर्कांची पट्टी दर वेळी पिनांवर रेलते आणि पिनांचा ताण हळूहळू जातो.

त्यात भर म्हणून, परवानगीशिवाय बनवलेल्या कॅसेट चालू नयेत यासाठी निन्टेन्डोने कुलूप घातलं. कन्सोलमध्ये एक चिप आणि कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींची खूणगाठ जुळली नाही की कन्सोलमधली चिप साधारण सेकंदाला एकदा सगळं रीसेट करते. लुकलुकणारा दिवा तो हाच. दिवा स्थिर असून पडदा एकरंगी राहिला, तर चिपांचं जुळलंय पण दुसरी कुठली तरी पिन टेकत नाहीये. सगळ्यात मजेशीर तिसरा प्रकार: संगीत वाजतं, उड्या मारता येतात, पण मारिओच्या जागी अक्षरांचा आणि विटांचा काला दिसतो. कॅसेटमध्ये प्रोग्रॅम आणि चित्रं वेगवेगळ्या चिपांवर असतात आणि त्यांच्या पिनाही वेगळ्या. चित्रांच्या बाजूची एखादी पिन सुटली की असं होतं.

फुंकर मारू नका. फुंकर मारल्यावर गेम चालू होतो तो कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. तोंडातली वाफ पट्टीवर बसून गंज मात्र वाढवते. कापसाच्या काडीवर ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि काडी काळी निघायची थांबेपर्यंत पट्टी पुसा. नीट साफ करायची तर कॅसेट उघडावी लागते, त्याला स्क्रूड्रायव्हरचा ३.८ मिमीचा खास बिट लागतो. अगदी सुरुवातीच्या कॅसेटना मात्र साधे चपट्या खाचेचे पाच स्क्रू असतात.

कन्सोल उघडायला साधा फिलिप्स (फुलीच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर पुरतो. खालचे सहा स्क्रू, मग पत्र्याचं कवच, मग कॅसेट धरणारा ट्रे. ट्रेचे सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नाहीत, म्हणून कुठला कुठे होता ते कागदावर मांडून ठेवा. बोर्ड ट्रेसकट उचला, ट्रे सरकवून वेगळा करा, कनेक्टर मागे ओढा. आता दोन रस्ते आहेत. बदली कनेक्टर स्वस्त आणि सहज मिळतो, पण बरेचसे कॅसेट अशी आवळून धरतात की ओढताना यंत्रच उचललं जातं. त्यापेक्षा मूळ कनेक्टर साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, साफ कॅसेट त्यात पाच-सहा वेळा घाला-काढा, पुन्हा उकळा आणि एक अख्खा दिवस वाळू द्या. पिनांवरची घाण निघते आणि मूळची हलकी पकड राहते. सुईने पिना वर वाकवायचा सल्ला कानाआड करा: पिना वरखाली होतात, एखादी तुटते, आणि मग बदली कनेक्टरशिवाय इलाज राहत नाही. कुलपाच्या चिपची चौथी पिन उचलून ग्राउंडला जोडली की लुकलुक कायमची थांबते, पण घाणेरडी पट्टी त्याने साफ होत नाही.

चित्राबाबत फार आशा ठेवू नका. मागे आरएफ (टीव्हीच्या अँटेनाची) आणि बाजूला पिवळी-लाल कंपोझिट (चित्र आणि आवाजाची) जोडणी, बस्स. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर तेवढ्यात बहार येते. सपाट टीव्ही या २४० ओळींच्या सिग्नलला बरेचदा इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी दाखवणारा) समजतो, चित्र फिसकटतं आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. रेट्रोटिंकसारखा स्केलर, म्हणजे जुना सिग्नल नव्या टीव्हीजोगा करणारा डबा, घेतला तर हे बरंच आटोक्यात येतं. पडद्यावर नेम धरायची बंदूक मात्र ट्यूबवरच चालते, तिथे स्केलरही कामाचा नाही. एका ओळीत आठांपेक्षा जास्त स्प्राइट (हलत्या आकृत्या) आले की लुकलुकतात, तो बिघाड समजू नका. चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर पॉवरच्या डब्यातला २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर म्हातारा झालाय. पाल (युरोपातल्या टीव्ही पद्धतीची) आवृत्ती ५० हर्ट्झवर धावते, त्यामुळे बरेच गेम सहाव्या हिश्शाने सुस्त वाटतात; घेताना हे बघाच.

अ‍ॅडॉप्टरकडे काणाडोळा नको. मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट ‘एसी’ देतो. एनईएसमध्ये रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) असल्याने त्याला डीसी दिला तरी चालतं, पण उलट नाही: हाच अ‍ॅडॉप्टर फॅमिकॉमला लावला तर यंत्र जळू शकतं, आणि पिन तर बसते.

झेल्डासारख्या गेमच्या कॅसेटमध्ये सेव्ह टिकतो तो आतल्या सीआर२०३२ सेलवर. सेल वेल्ड केलेला असतो, म्हणून पत्र्याच्या पायांचाच नवा सेल घेऊन सोल्डर करा. काढताच जुना सेव्ह जातो. बंद करताना रीसेट दाबून धरून मग पॉवर दाबायचं, कारण वीज जाताना प्रोसेसर भरकटून सेव्हवर कचरा लिहू शकतो.

हा सगळा खटाटोप नको असेल तर २०१६ चा एनईएस क्लासिक मिनी आहे: एचडीएमआय, ३० गेम, कुठेही सेव्ह. पण त्याच्या कंट्रोलरची वायर जेमतेम पाऊण मीटर, आणि मेनूत परतायला उठून कन्सोलचं रीसेट दाबावं लागतं. शिवाय गेम ठरलेले. कपाटातली जुनी कॅसेट त्यात जात नाही.

जुना घेताना दोन कॅसेट सोबत न्या, एक स्वतः साफ केलेली. दिवा लुकलुकला तर घाबरू नका, भाव पाडा. मात्र दिवा लागलाच नाही, किंवा अ‍ॅडॉप्टरच्या सॉकेटजवळ जळकट वास आला, तर तिथेच ठेवून या.