‘उठलो’ गट : अकरा महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, हे कुठलं ॲप नाही. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, बोर्ड तर नाहीच. लातूरला औसा रोडच्या बाजूला आमच्या आणि शेजारच्या दोन-तीन गल्ल्यांत राहणारे आम्ही चौदा जण आहोत. सगळे साठीच्या पुढचे, दोघी ऐंशी ओलांडलेल्या. रोज सकाळी मोबाईलवर एकमेकांना ‘उठलो’ असं कळवतो, एकमेकांच्या घरच्या किल्ल्या सांभाळतो, दवाखान्यात सोबत जातो, आणि कुणाला घर बदलायचं असलं की ते काम सगळे मिळून अंगावर घेतो. २०२४च्या नोव्हेंबरात आमचं बिऱ्हाड गावाहून लातूरला आलं ते यांच्याच जिवावर. मुलगा म्हणाला, आई, लोक मिक्सरचासुद्धा दोन पानं रिव्ह्यू लिहितात, तू याचा लिही. म्हणून लिहायला बसले.

वापरणारे दोघं. मी, वय ६९, जिल्हा परिषद शाळेतली निवृत्त शिक्षिका. आणि आमचे हे, वय ७६, शेतकरी, एक गुडघा कामातून गेलेला, कानाला यंत्र, जे कायम खिशात असतं.

गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. एवढं म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं. आम्ही दोघं आणि लेकरू ओसरीत होतो, सासूबाई आत. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं ओझं, ते सगळं एकदम खाली आलं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले आणि मग पुनर्वसनातलं घर मिळालं. जमिनीच्या हिशोबाने घरं होती, आमची जमीन सात हेक्टरच्या आतली म्हणून चारशे चौरस फूट. म्हणजे माझं पहिलं घर बदलणं अंगावरच्या लुगड्यानिशी झालं. या वेळी उलटं. चारशे फुटांत तीस वर्षांचं सामान, आणि त्यातलं काहीच सुटत नव्हतं.

मुलगा पुण्याला. तो म्हणत होता तिकडेच या. तिथल्या अकराव्या मजल्यावर हे आठ दिवसांत आजारी पडतात हे आम्ही दोनदा बघितलं होतं. शेवटी लातूरवर तोडगा निघाला. दवाखाने जवळ, आणि गाव चाळीसेक किलोमीटरवर. एसटीला यांचं तिकीट शून्य (७५ पूर्ण झालेल्यांना २०२२च्या ऑगस्टपासून फुकट आहे), माझं अर्धं.

गटाची ओळख झाली ती भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा. लातूरचं एक आहे, ट्यूशनच्या पट्ट्यात फ्लॅट मिळतो पण शेजार मिळत नाही. सगळीकडे ‘नीट’ची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची पोरं. पोरं चांगली असतात हो, जिन्यात भेटली की पिशवी हातातून घेतात. पण परीक्षा झाली की गेली, जूनमध्ये नवे चेहरे. मग म्हाताऱ्या माणसाने हाक कुणाला मारायची? या अडचणीतूनच हा गट तयार झालेला आहे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी मला जिन्यातच विचारलं, “सामान आणायला कोण हाय तुमच्याकडं?” मी म्हटलं, मुलगा दोन दिवसांची रजा काढून येणार आहे. त्या म्हणाल्या, “दोन दिवसांत सामान येतं. घर येत नसतं.” आणि माझा फोन नंबर लिहून घेतला.

पुढच्या आठवड्यात तिघी जणी एसटीने गावाला आल्या. सामान निवडायला! मला अवघडल्यासारखं झालं. चहा करू का, जेवायला काय करू, असं माझं सुरू. त्यांतल्या एक आजी, वय ८१, उमरगा तालुक्यातल्या. त्यांचंही गाव त्याच पहाटे गेलेलं. त्यांनी ट्रंकेपुढे पोतं अंथरलं, बसल्या, आणि एकेक वस्तू हातात घेऊन एकच विचारायच्या, “हे त्र्याण्णवच्या आधीचं का नंतरचं?”

मुलाने हा प्रश्न कधीच विचारला नसता. त्याचा प्रश्न असतो, आई हे वापरतेस का? नाही ना, मग? आधीचं म्हणावं असं माझ्याकडे एकच निघालं. ढिगाऱ्यातून काढलेली पितळी कळशी, पोटाला मोठा पोचा पडलेली. सासूबाईंची. बाकीचं सगळं नंतरचं. शेडमध्ये वाटलेली ॲल्युमिनियमची पातेली, कुठल्या कुठल्या गावाहून आलेल्या चादरी, एक ब्लँकेट ज्यावर अजून कुणाचंतरी नाव दोऱ्याने विणलेलं आहे. एकदा सगळं गेलेल्या बाईने पुढे तीस वर्षं काहीच टाकलं नाही, हे मला त्या दिवशी पोत्यावर बसून पहिल्यांदा कळलं. आजी म्हणाल्या, “माझ्याकडं अशी सतरा पातेली होती. ल्योक म्हणायचा भंगारात घाल. मी म्हणलं, तू घाल मला.”

त्यांची रीत अशी की ‘टाका’ हा शब्द काढायचा नाही. प्रत्येक वस्तू कुणाला द्यायची ते नाव सांगायचं. नाव सुचलं नाही तर वस्तू परत ट्रंकेत. आश्चर्य म्हणजे नावं सुचत गेली. जातं भाचीला, ती हौसेने दारात मांडते. रांजण शाळेला, पक्ष्यांच्या पाण्यासाठी. उखळ राहिलं जागेवर, ते कुणाच्या बापाला हलत नाही. पाच पातेली त्या तिघींनीच नेली, मला बरं वाटावं म्हणून नेली हे कळत होतं, पण नेली. संध्याकाळपर्यंत दोन खोल्यांचं सामान पाऊण खोलीवर आलं. कळशी माझ्या मांडीवर.

प्रत्यक्ष हलवण्याबद्दल एवढंच: दोन छोटा हत्ती, तीन हमाल. शहरातल्या एका वाहतूकवाल्याने फोनवर एक भाव सांगितला आणि सामान अर्धं भरल्यावर दुसरा. गटातले निवृत्त एसटी ड्रायव्हर मामा सोबत होते म्हणून निभावलं. त्यांनी आवाज न चढवता, “उतरवा, आम्ही दुसरी गाडी बघतो,” एवढंच म्हटलं. पण याच मामांनी पुढं उत्साहात ट्रंकेला हात घातला आणि तीन आठवडे कमरेला पट्टा लावून झोपले. ही गटाची खरी उणीव आहे. म्हाताऱ्यांना आपण म्हातारे आहोत हे सामान समोर दिसलं की आठवत नाही. उचलायला हमालच लावा, पैसे वाचवू नका.

नर्सबाईंचं मात्र ऐका. नव्या घरात त्यांनी स्वयंपाकघराला हात लावू दिला नाही, आधी पलंग आणि न्हाणीघर. पलंग कसा लावायचा यावर अर्धा तास घातला. जुन्या घरात हे रात्री उठले की डाव्या हाताला वळून मोरीकडे जायचे. तीस वर्षांचं वळण. नव्या खोलीत पलंग खिडकीशी छान दिसत होता, पण मग संडास उजव्या हाताला येत होता. त्यांनी पलंग फिरवायला लावला, उशी दाराकडे. दिसायला विचित्र. पण पहिल्याच रात्री हे झोपेत उठले, डावीकडे वळले आणि बरोबर दारात पोचले. न्हाणीघराच्या उंबऱ्याला पिवळी पट्टी, आतली कडी काढून टाकली, भिंतीला पकडायला दांडा. औषधं, चष्मे, पासबुकं, आधार आणि बॅटरी एका पिशवीत, ती पिशवी गाडीत न टाकता माझ्या खांद्याला.

कागदपत्रांचं काम बँकेतून निवृत्त झालेल्या काकांकडे. त्यांना मोतीबिंदू, मला आकड्यांचा कंटाळा, म्हणून मी वाचायचं आणि त्यांनी सांगायचं. गॅस दुसऱ्या गावी न्यायचा तर टाकी आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीला परत देऊन कागद घ्यायचा, डिपॉझिट जुन्या दराने परत मिळतं आणि नव्या गावात आजच्या दराने भरावं लागतं. आम्ही टाकी सोबत आणणार होतो, काकांनी वेळेत थांबवलं. यांचं सत्तरीच्या पुढच्यांना मिळणारं, फुकट उपचारांचं आयुष्मान कार्डही त्यांनीच काढून दिलं. माझं वय एका वर्षाने कमी पडलं. आयुष्यात पहिल्यांदा लहान असल्याचा तोटा झाला.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची जत्रा असते, पेन्शन चालू राहायची तर आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. शेतात राबलेल्या आणि भांडी घासलेल्या बोटांचे ठसे मशिनला लागत नाहीत, पण आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला होतो. काका सगळ्यांना ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसवतात. मोबाईल म्हणतो डोळे मिचकवा. रेल्वेची फॅमिली पेन्शन असलेल्या मावशी दोन्ही डोळे घट्ट मिटून बसतात, देवाचं नाव घेत. चार वेळा. मग पोरं हसतात आणि मावशीही हसतात, आणि त्या हसण्यात कधीतरी फोटो निघून जातो.

आता रोजचा वापर. सकाळी आठच्या आत मोबाईलवरच्या गटावर एक शब्द टाकायचा: उठलो. साडेआठपर्यंत आला नाही तर फोन, फोन उचलला नाही तर ज्यांच्याकडे किल्ली आहे ते जातात. प्रत्येकाची किल्ली दोन घरी. महिना शंभर रुपये वर्गणी, त्यातून दवाखान्याच्या रिक्षा. नळाला पाणी आलं की पहिला बघेल तो सगळ्यांना फोन करतो, आणि लातुरात हे काम काही लहान नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं हे गाव, इथे बादली रिकामी ठेवून कुणी झोपत नाही.

सुरुवातीला मला मदत घ्यायलाच जमत नव्हतं. मुलगा आला की मी त्याच्या रजेचे दिवस मोजत बसते. इथे तसं झालं नाही, कारण इथे प्रत्येकाचं काहीतरी मोडलेलं आहे आणि काहीतरी शाबूत. माझं अक्षर आणि डोळे चांगले, म्हणून अर्ज माझ्याकडे. यांना बोलायला आवडतं आणि ऐकू येत नाही, म्हणून यांना एका अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थांकडे रोज तासभर पाठवतात. ते गृहस्थ बोलू शकत नाहीत. दोघांचं मस्त चाललंय. ड्रायव्हर मामा म्हणतात, आपण चौघं मिळून एक धड माणूस होतो, रिक्षाही एकच लागते.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

एक, गुपित राहत नाही. यांच्या लघवीचा त्रास मी नर्सबाईंना सकाळी सांगितला, संध्याकाळी नाना-नानी पार्कात मला तिघांनी गोखरूचा काढा सुचवला. दोन, सुरुवातीला त्याच गटावर फुलं, सुविचार आणि गणपती येत. त्या गर्दीत फेब्रुवारीत एका काकूंचा ‘उठलो’ आलाच नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ताप होता, निभावलं, पण दहा वाजले होते. त्यानंतर फक्त ‘उठलो’साठी वेगळा गट केला. त्यात फूल टाकणाऱ्याला दंड म्हणून सगळ्यांचा चहा. तीन, ही युक्ती फक्त रात्र सांभाळते. जुलैमध्ये यांनी पावणेआठला ‘उठलो’ टाकलं आणि आठला न्हाणीघरात घसरले. मी दूध आणायला गेलेले. दांड्याला धरून होते म्हणून हाड वाचलं. चार, उसने पैसे. दोघांत बारा हजारांवरून जे झालं ते लिहीत नाही. आता पैशांचा व्यवहार बंद, तो नियम पहिल्या दिवशीच करायला हवा होता. पाच, नुसतं घेणारी माणसं. आमच्याकडे एक आहेत, मदतीला जायचा स्वतःचा नंबर आला की त्यांचं नेमकं पोट बिघडतं. काढून टाकायचं का यावर दोन बैठका झाल्या. नाही काढलं. मला अजून ते पटलेलं नाही.

ज्यांना शेजाऱ्याने न सांगता दार उघडलेलं चालत नाही, त्यांनी या भानगडीत पडू नये. खरोखर. सुनेच्या किंवा मुलाच्या घरी राहणाऱ्यांनाही अवघड, किल्ली आपली नसते. विसरभोळेपणा वाढलेल्या माणसाला तर हा गट पुरतच नाही, तिथे बाईमाणूस ठेवावं लागतं. आमच्यासारख्या दोघंच राहणाऱ्यांना किंवा एकट्याला मात्र पाचपैकी चार देईन. एक कापला तो गोखरूच्या काढ्यासाठी.

यंदा सप्टेंबरात पावसाने मराठवाड्याची दशा केली. आमच्या रानात पाणी उभं राहिलं, सोयाबीन गेलं. हे दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा कुणी समजावायला आलं नाही. ड्रायव्हर मामा आले, म्हणाले, “चला, बघून यायलोय मी, बसा गाडीत,” आणि यांना रानाच्या कडेपर्यंत नेऊन आणलं. परत येताना औशात भजी खाल्ली म्हणे.

आणि त्या ८१ वर्षांच्या आजी पुढच्या आठवड्यात नांदेडला लेकीकडे चालल्या आहेत, कायमच्या. परवा आम्ही तिघी त्यांच्या खोलीवर पोतं अंथरून बसलो. चारच तर भांडी. त्यांची किल्ली माझ्याकडे खिळ्याला असते, ती परत द्यायला नेली होती. त्यांनी हातात घेतली नाही. म्हणाल्या, “राहू दे. कुलूप मी तेच नेणार हाय.”